येर्बा बुएना बागेत बॅले पाहिला (आईबाबा आणि धपाट्यांसह)

कैरीपन्हं

आईबाबा ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आले आहेत. गोल्डन गेट झाला, नापा झालं, देवळं झाली, कॉस्टको तर दोनदा झालं. मग मैत्रिणीने सांगितलं की सॅन फ्रान्सिस्कोत येर्बा बुएना गार्डन्समध्ये दुपारी बॅले आहे, उघड्यावर आणि फुकट. 'फुकट' ऐकून बाबा तयार झाले, 'बॅले' ऐकून आई.

ही बाग म्हणजे मिशन आणि हॉवर्ड रस्त्यांच्या मधला हिरवा तुकडा. इथल्या निम्म्या आयटीवाल्यांनी ती फक्त खालून पाहिली असेल, कारण तिच्या पोटात मॉस्कोनी सेंटर या परिषद-केंद्राचं दालन आहे. गळ्यात पट्टा अडकवून, कंपन्यांच्या फुकट पिशव्या गोळा करत मी त्या तळघरात कित्येक दिवस काढलेत. वर हिरवळ आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मारकाचा धबधबा आहे (१९९३ सालचा, पाण्याच्या मागून चालत जाता येतं), हे बघायला मला बॅलेचं निमित्त लागलं.

आम्ही तासभर आधी पोचलो. खरं सांगू? मला तो तासच जास्त आवडला. स्टेजवर दांडे मांडून नर्तकांचा सराव चालू होता. पायांत लोकरीचे मोजे, अंगात ढगळ स्वेटर, एकीने तर फुगीर जाकीट घातलेलं. जुलै महिना! पण इथला जुलै किती गार, ते तुम्हाला माहीत आहेच. दुसरी एक मुलगी स्टेजच्या पायरीवर बसून आपले कोरे करकरीत सॅटिनचे बूट काँक्रीटवर धोपटत होती, घाटावर कपडे धुवावेत तशी. आईला राहवेना. "अगं, फाटतील की ते!" मराठी कळणं शक्य नव्हतं, पण सूर कळला असावा. ती हसली आणि दुसरा बूट धोपटायला घेतला.

मग काळे कपडे घातलेले दोघं टॉवेल घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसून सगळं स्टेज पुसून गेले. दहा मिनिटांनी परत आले, परत पुसलं. बाबा म्हणाले, "आपल्या बाईला दाखव हे."

कार्यक्रम सुरू झाला तर झगे नाहीत, हंस नाहीत, राजपुत्र नाही. अंगाला घट्ट साधे कपडे, काहींच्या पायांत बोटांच्या टोकांवर उभं राहायचे ते बूट, काहींच्या नुसते मोजे. पहिल्या तुकड्यात आठजण, नंतर फक्त एक जोडी. आम्ही तिसऱ्या रांगेत, म्हणजे गवतावर तिसऱ्या चटईवर. त्याने तिला डोक्यावर उचललं तेव्हा त्याच्या तोंडून निघालेला 'हंऽ' आम्हाला ऐकू आला. बूट टेकल्याचा ठक आवाज ऐकू आला. तिच्या पाठीवरचा घाम दिसला. मागे धबधब्याची घरघर, मध्येच अग्निशामक बंबाचा भोंगा, आणि एक समुद्रपक्षी स्टेजच्या कोपऱ्यावर बसून मान तिरकी करून बघतोय.

मी इथल्या ऑपेरा हाउसमध्ये मुलांबरोबर 'नटक्रॅकर' पाहिलाय, वरच्या स्वस्त रांगेतून. तिथे सगळे वाऱ्यावर तरंगत होते, त्यांना वजनच नव्हतं. इथे प्रत्येकाला वजन होतं आणि ते उचलावं लागत होतं. मला हे जास्त भावलं. पण मी अडाणी प्रेक्षक, म्हणून जाणकारांना विचारते: एवढं सगळं दिसणं हा बॅलेचा विरस का? आणि बाबांचा प्रश्न परत जाताना ट्रेनमध्ये शेवटपर्यंत चालू होता, तोही इथे टाकते: "सगळं छान, पण गोष्ट काय होती?"

तिहाई

छान लिहिलंयस, आणि तो तास आवडला म्हणालीस हे वाचून बरं वाटलं. मी कथक शिकवते. बॅले चार वर्षं शिकले, तेही तिशीत, म्हणजे हौस म्हणूनच. जमेल तसं सांगते.

बूट धोपटण्यामागे वेड नाही. त्या बुटाच्या टोकात लाकूड असतं असं पुष्कळांना वाटतं. लाकूड नसतं. कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून, वाळवून कडक केलेला तो डबा असतो. तळव्याखाली एक ताठ पट्टी. नवा बूट इतका कडक की पायाला फरशी कळत नाही, आणि आवाजही फार होतो. म्हणून तो आपटायचा, वाकवायचा, टोकाचं सॅटिन कापून काढायचं, तळ खरवडायचा, फिती स्वतःच्या हाताने शिवायच्या. प्रत्येकीची रीत वेगळी, आणि त्यावरून त्यांच्यात वादही होतात.

आता गंमत अशी की खळ म्हणजे शेवटी खळच. दमट हवेत ती मऊ पडते. बंद नाट्यगृहात बूट घामाने मरतो, बागेत घाम आणि धुकं दोन्ही. नाच चालू असताना टोक बसलं तर सगळं वजन बोटांवर येतं. म्हणून हल्ली बुटाच्या आत झटपट चिकटणारा डिंक ओतून कडकपणा टिकवतात. त्या मुलीच्या पिशवीत आणखी दोन जोड नक्की असणार.

काही पायांत बूट, काही पायांत मोजे, यावरूनच ओळखायचं की हा समकालीन बॅले. पाय मांडीच्या सांध्यातून बाहेर वळवायचा (भरतनाट्यमवाल्यांनी अरमंडी आठवावी), पाऊल ताणायचं, ही पायाभरणी जुनीच. पण पाठीचा कणा सैल सोडायचा, तोल मुद्दाम ढळू द्यायचा, जमिनीवर लोळायचं, हे नवं. जुन्या बॅलेत जमीन ही सोडून जाण्याची जागा. समकालीनमध्ये परत येण्याचीही.

सह्यकडा

लेख चांगला आहे, पण मला हा प्रकार पटत नाही. उघड्यावर, डबे उघडून, पोरं रडताहेत, कुत्री फिरताहेत, आणि समोर माणसं पंधरा-वीस वर्षांची तालीम पणाला लावून नाचताहेत. हा त्यांचा अपमान नाही का? फुकट दिलं की किंमत राहत नाही. धपाटे खात बघायचं असेल तर घरी टीव्ही आहे की.

कैरीपन्हं

सह्यकडा, धपाटे मध्यंतरात खाल्ले. (एक बाबांनी आधी खाल्लं, मान्य.)

गुलटेकडीकर

तुमच्या वडिलांचा प्रश्न माझ्या पिढीचा आहे, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो. वय ७८.

आमच्या लहानपणी मुंबईत 'बॅले' हा शब्द सर्रास होता, पण त्याचा अर्थ नृत्यनाट्य. उदय शंकर १९२३ साली लंडनला आना पावलोवा या रशियन बॅले नर्तिकेबरोबर राधा-कृष्ण नाचले, आणि पुढे त्यांच्या परंपरेतून जे आलं त्याला इकडे बॅलेच म्हटलं गेलं. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला. त्यांच्या 'रामायणा'त माणसं कठपुतळ्यांसारखी हलायची. माझ्या थोरल्या भावाने ते पाहिलं होतं आणि घरी महिनाभर आम्हाला तसं चालून दाखवलं. मग सचिन शंकर यांचं बॅले युनिट. या सगळ्यात गोष्ट असायचीच, नाहीतर तिकीट कोण काढणार? टोकावर उभं राहणं वगैरे यात काही नव्हतं. त्यामुळे ठाण्याचा माणूस बॅलेला जातो तेव्हा तो मनातून गोष्टीलाच जातो. तुमच्या वडिलांचं काही चुकलं नाही. शब्दच दोन वेगळ्या घरांत वाढलेला आहे.

तिकडे मात्र गोष्ट काढून टाकण्याला बराच काळ लोटला. नृत्यरचनाकार बालांचिन यांचा 'आगॉन' हा बॅले १९५७ सालचा. काळे-पांढरे सरावाचे कपडे आणि स्ट्राविन्स्कीचं संगीत, बाकी काही नाही. मी तो चित्रफितीवर पाहिला आणि मला तो तराण्यासारखा वाटला. तराण्यात नुसते बोल, तिथे गोष्ट विचारतो का आपण?

तिहाई

काका, तराणा! हे मी वर्गात वापरणार. कथकमध्येही ठाट, आमद, तोडे, परण यांत कुठे गोष्ट असते? ती गतभावात येते. कैरीपन्हं, बाबांना सांग की त्या दिवशी फक्त तोडे-परण झाले, गतभाव झालाच नाही.

विंगेतला

मी नर्तक नाही. आधी मुंबईत आणि आता न्यू जर्सीत स्टेजची उभारणी करतो. टॉवेलवाल्या दोघांबद्दल कोणी बोलत नाहीये, म्हणून लिहितो.

नाचाचं स्टेज म्हणजे गाण्याचं स्टेज नव्हे. गाण्याला चौथरा भक्कम हवा. नाचाला तो किंचित दबणारा हवा, नाहीतर उडी मारून उतरणाऱ्याच्या नडग्या आणि घोटे कामातून जातात. म्हणून खाली फोमवर किंवा लाकडी पट्ट्यांवर बसवलेला प्लायवूड, आणि त्यावर विनाइलच्या लांब पट्ट्या. त्याला आम्ही सगळे मार्ली म्हणतो. पट्ट्यांचे सांधे टेपने जोडायचे. नाट्यगृहात एकदा घातली की विसरता येते. बागेत ती रोज भांडते. उन्हात विनाइल पसरतं, फुगा येतो. काळी असेल तर दुपारी हात लावता येत नाही, म्हणून बाहेर शक्यतो करडी घालतात आणि तालीम सकाळी उरकतात. संध्याकाळी गार झाली की आक्रसते. वारा कडेखाली शिरला की टेप उचकटतो. आणि दव! विनाइल पाणी पीत नाही. डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ थर बसतो आणि स्टेजचा साबण होतो. म्हणून टॉवेल. मॉप चालत नाही, तो ओल नुसती पसरवतो. गुडघ्यावर बसून कोरड्या टॉवेलने पुसायचं, मग तळहात टेकवून बघायचं.

मुंबईकडे समुद्रकाठच्या एका महोत्सवात आम्ही हे शिकलो, नाव घेत नाही. नऊ वाजता कथकचा समूह चढणार होता. आयोजक म्हणाले, "अहो, अनवाणी नाचणार आहेत, काय होतंय?" पहिल्याच चक्करीत दोघी बसल्या. घुंगरू बांधलेले, त्यामुळे पडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यानंतर आजवर माझ्या गाडीत दोन डझन टॉवेल असतात.

आणखी एक. दिवसाउजेडी प्रकाशयोजना शून्य. हल्लीचे कित्येक बॅले निम्मे प्रकाशावर उभे असतात, अंधारातून बाहेर येणारा हात, कडेचा एकच झोत, असे. ते भर दुपारी बागेत आणले तर उघडे पडतात. त्यामुळे कंपन्या बाहेरसाठी निवडून तुकडे आणतात. ज्यात आकार, रेषा, माणसांची मांडणी यांवर भिस्त आहे, तेच टिकतात. तुम्ही जे वजन म्हणताय ना, ते दिसण्यामागे थोडा हातभार सूर्याचाही आहे. सूर्याला मंद करता येत नाही.

कैरीपन्हं

विंगेतला, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते रेल्वेत पर्मनंट वे विभागात, म्हणजे रुळांच्या देखभालीत होते. "उन्हात पसरतं, रात्री आक्रसतं" ऐकून एकदम खुर्चीत सरसावून बसले. रूळ आणि मार्ली एकाच जातीचे, असा निकाल लागला आहे. आता त्यांना बॅले कळायला लागलाय.

क्वीन्समधली

आमच्याकडे न्यूयॉर्कला ब्रायंट पार्कात उन्हाळी संध्याकाळी समकालीन नृत्य असतं, तेही फुकट. तुमच्या बागेखाली परिषदेचं सभागृह, आमच्या हिरवळीखाली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची पुस्तकांची कोठारं! सुट्या हिरव्या खुर्च्या हव्या तिथे ओढून बसायचं. मी तिथे लिमोन कंपनी पाहिली. तो बॅले नाही, आधुनिक नृत्य, पण पायाखाली लाखो पुस्तकं आणि वर माणसं नाचताहेत, या विचारानेच मी अर्धा वेळ हरवले होते.

बॅटरी डान्स फेस्टिव्हल तर १९८२ पासूनचा, हडसनच्या काठावर. त्यात भारतीय नृत्याची एक संध्याकाळ असते, बहुधा १५ ऑगस्टच्या आगेमागे. सूर्य बरोबर नर्तकांच्या मागे, पाण्यात बुडतो. फोटो काळे येतात, पण बघायला मजा.

भटकभवानी

सह्यकडा यांना उत्तर म्हणून नाही, पण बागेतला बॅले ही अमेरिकन पिकनिकची कल्पना मुळीच नाही. इटलीत जेनोआजवळ नेर्वीच्या बागांमध्ये १९५५ पासून बॅलेचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जुने वाडे आणि गुलाबांची बाग. १९६० साली नृत्यरचनाकार लेओनिद मासिन यांनी तिथेच आपली कंपनी उभी केली होती. आणि स्पेनमध्ये ग्रानादाला अलहंब्रा राजवाड्याच्या शेजारच्या हेनेरालीफे बागांमधलं उघडं नाट्यगृह १९५३ सालचं. मी तिथे जाऊन आले आहे. रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू होतं, कारण त्याआधी उकाडा असह्य असतो. विंगा म्हणजे सुरूच्या झाडांच्या कापून सरळ केलेल्या भिंती. नर्तक झाडांतून बाहेर येतात आणि झाडांत नाहीसे होतात. तिकीट महाग, कपडे इस्त्रीचे, कोणी चिप्ससुद्धा खात नव्हतं. हवा तेवढी शांतता होती. पण तुमच्या लेखातलं ते 'हंऽ' मात्र मला तिथे ऐकू आलं नाही. मी फार मागे होते.

सह्यकडा

ठीक आहे, झाडांच्या विंगा बघायला मी तिकीट काढीन. पण फुकट आणि खाणं हा मुद्दा अजून तसाच आहे.

गुलटेकडीकर

सह्यकडा, तुम्ही पुण्याचे दिसता. सवाई गंधर्व महोत्सवाला जाता ना? १९५३ पासून चालू आहे. मैदानात मांडव. मागे वडे तळले जातात, लोक सतरंज्या आणि उशा घेऊन येतात, कोणी आडवं होतं, पोरं झोपतात. तिकडे मंचावर यमन चाललाय आणि इकडे एक गृहस्थ डोळे मिटून, हातात अर्धा वडा धरून थांबलेत, कारण गंधार लागलाय. तो अर्धा वडा मी पाहिला आहे. त्याला अपमान म्हणाल?

सह्यकडा

काका, जागच्या जागी बाद केलंत. तो अर्धा वडा धरलेला माणूस मीही असू शकतो.

(तरी सवाईला तिकीट असतं, एवढं नोंदवून खाली बसतो.)

तिहाई

एक दुवा अजून कोणी जोडला नाही याचं आश्चर्य वाटलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या समकालीन बॅलेचं नाव काढलं की पहिली आठवते ती अलोन्झो किंग यांची लाइन्स बॅले ही कंपनी, १९८२ पासूनची. आणि त्यांच्यासाठी संगीत कोणी केलं, तर आपल्या माहीमच्या झाकीरभाईंनी! १९९८ मध्ये एकदा, २००७ मध्ये 'रस' या नावाच्या बॅलेसाठी, नंतर २०१८ मध्ये 'सूत्र'साठी. ते राहायलाही तिथेच जवळ, गोल्डन गेट पुलापलीकडे. डिसेंबर २०२४ मध्ये गेलेही त्याच शहरात.

मी 'रस'च्या काही चित्रफिती पाहिल्या आहेत. कथकवाल्याला अस्वस्थ करणारी गोष्ट ही की पाय बोलांना उत्तर देत नाहीत. आपण धा वाजला की धा पायातून काढतो. तो आपला स्वभावच. ते मात्र समेवर हात लांबवत नेतात, पाऊल कुठेतरी मधल्याच मात्रेत टेकतं, आणि तरी सम सुटत नाही. पहिल्यांदा मला राग आला. तिसऱ्यांदा बघताना कळलं की ते ताल मोजत नाहीयेत, त्याच्यावर कलून उभे आहेत. हे मला अजून नीट सांगता येत नाही.

विंगेतला

तिहाई ताई, उलट दिशेनेही बघा. घुंगरू बांधले की पाऊल चुकलं तर जगाला कळतं. बॅलेत पायाचा आवाज लपवायची धडपड. बागेत तो लपत नाही. म्हणून मला वाटतं, बागेतला बॅले थोडा कथककडे सरकतो, नकळत.

तिहाई

हे मान्य नाही, पण आवडलं.

कैरीपन्हं

धागा वर काढते. काल स्टर्न ग्रोव्हला जाऊन आलो, परत जाण्याआधी आईचा हट्ट होता. रोझली स्टर्न या बाईंनी नवऱ्याच्या स्मरणार्थ १९३१ मध्ये ही दरी शहराला दिली आणि १९३८ पासून तिथे उन्हाळ्यातल्या रविवारी फुकट कार्यक्रम होतात. आधी नाव मात्र नोंदवावं लागतं. सॅन फ्रान्सिस्को बॅले तिथे नाचते. सगळीकडे निलगिरीची उंच झाडं, मधे खोलगट हिरवळ, एका बाजूला चढत गेलेल्या दगडी पायऱ्या. आवाज दरीत कोंडून राहतो, अगदी वरही नीट ऐकू येतं.

दोन वाजता धुकं खाली उतरलेलंच होतं. टॉवेलवाले दिसले तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. आजूबाजूच्यांनी बघितलं, मग दोघातिघांनी साथ दिली.

तिसऱ्या तुकड्यात निलगिरीचं एक लांब पान गोल गोल फिरत स्टेजच्या मधोमध पडलं. एक मुलगी गिरक्या घेत त्याच दिशेने येत होती. आईने माझा दंड धरला, अजून वळ आहे. ती मुलगी थांबली नाही, फक्त शेवटचं पाऊल वीतभर अलीकडे टाकलं. मग तिच्यामागून येणाऱ्या मुलाने खाली वाकण्याची हालचाल होती तेव्हाच पान उचललं आणि मुठीत ठेवून पुढचा सगळा नाच केला. बंद मुठीने! वाकताना तो मुळात पान उचलायलाच वाकणार होता असं वाटलं. विंगेत जाईपर्यंत मी फक्त ती मूठ बघत होते. त्या वेळी बाकीचे काय करत होते ते विचारू नका.

गोष्ट काय होती, असं बाबांनी विचारलं नाही. "पान कुठे ठेवलं असेल त्याने?" असं विचारलं.

काल रात्री बॅगा भरताना आईने मात्र पहिल्या दिवशीचा विषय काढला. त्या पायरीवरच्या मुलीचे बूट इतक्या गारठ्यात भिजले असतील, मग ते वाळवतात कुठे? इथे तर दोरीही नसते. तिहाई, सांग ना. ती उत्तर घेतल्याशिवाय विमानात बसणार नाही.

तिहाई

काकूंना सांग, वाळवत नाहीत. मोठ्या भूमिकेत एक जोड एका प्रयोगात संपतो, कधी दोन जोडही लागतात. ते बूट त्याच रात्री टाकून दिले असतील. फार तर कुणा छोट्या मुलीला सही करून दिले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवे घेतले, फिती शिवल्या, आणि पायरी शोधली.